कलाल बांगडीचे १२ किलोमीटर आणि ‘सगळ्यात भारी गन कुठली?’

रिसर्चची तयारी करणाऱ्या मुलांशी गप्पा मारताना मी एक प्रश्न हमखास टाकतो. बीजीएमआयमध्ये सगळ्यात भारी गन कुठली? हात लगेच वर जातात. एक जण एम४१६ म्हणतो, दुसरा एकेएम. एखादा शहाणा एडब्ल्यूएम म्हणतो, मग बाकीचे त्याला ऐकवतात की ती ड्रॉपमध्ये मिळाली तर ना. पाच मिनिटांत भांडण जुंपतं. बोर्ली पंचतनच्या नाक्यावर असो की पुण्या-मुंबईच्या हॉस्टेलमध्ये, भांडण तेच असतं.

हे भांडण मला आवडतं, कारण प्रपोजल लिहिताना आपण नेमका असाच प्रश्न लिहितो. ‘अमुक पिकासाठी सर्वोत्तम खत’, ‘तमुक रोगासाठी सर्वांत प्रभावी औषध’. गाइड विचारतात, “सर्वोत्तम म्हणजे कशाच्या तुलनेत?” आणि आपण गप्प. म्हणून आजचा लेख हत्यारांवर. थोडा गेमवर, पण जास्त आपल्या किनाऱ्यावर. बोर्लीहून दिघीला जायचं, जंगल जेटीवरून फेरीबोटीने खाडी ओलांडून आगरदांड्याला उतरायचं, की पुढे मुरूड-राजपुरी आणि समोर जंजिरा. ‘भारी हत्यार’ या विषयावर इतकी खात्रीने बोलणारी माणसं एकाच ठिकाणी दुसरीकडे कुठे भेटायची नाहीत.

आधी गेमचं गणित उरकून घेऊ, पुढे ते लागणार आहे. खरे आकडे प्रत्येक अपडेटला बदलतात, म्हणून मी काल्पनिक घेतो. गन ‘अ’: एका गोळीला ४० डॅमेज, दोन गोळ्यांमध्ये ०.०९ सेकंद. गन ‘ब’: एका गोळीला ४८ डॅमेज, दोन गोळ्यांमध्ये ०.१० सेकंद. समोरच्याची हेल्थ १००. जॅकेट नसेल तर दोन्ही गनना तीन गोळ्या लागतात, म्हणजे मधली अंतरं दोन. ‘अ’ला ०.१८ सेकंद, ‘ब’ला ०.२० सेकंद. ‘अ’ भारी.

आता समोरच्याने जॅकेट घातलं आणि डॅमेज ४० टक्क्यांनी कमी झालं. ‘अ’ची गोळी उरली २४ची, चार गोळ्यांत ९६ होतात, म्हणून पाचवी मारावी लागते. वेळ ०.३६ सेकंद. ‘ब’ची गोळी २८.८ची, चार गोळ्यांत काम होतं. वेळ ०.३० सेकंद. आता ‘ब’ भारी. दोन्ही गनमध्ये काडीचाही बदल झालेला नाही, बदललं ते समोरच्याचं जॅकेट. आणि यात आपण रिकॉइल, अंतर, नेम चुकणं, गोळ्या संपणं यातलं काहीच धरलेलं नाही.

म्हणजे ‘भारी’ हा गनचा गुणधर्म नाहीच. तो गन, शत्रू, अंतर आणि परिस्थिती यांच्यातल्या नात्याचा गुणधर्म आहे. हे मनात ठेवून जंजिऱ्याला चला.

जंजिऱ्यावर तीन तोफा प्रसिद्ध आहेत: कलाल बांगडी, चावरी आणि लांडा कासम. त्यातली कलाल बांगडी सगळ्यात मोठी. गाइड सांगतात की ती २२ टनांची आहे आणि तिचा मारा १२ किलोमीटरपर्यंत पोचायचा. पर्यटनाच्या कुठल्याही वेबसाइटवर, व्हिडिओत, माहितीपत्रकात हाच आकडा दिसेल. वीस ठिकाणी दिसला म्हणून तो वीस वेळा सिद्ध होत नाही, हे रिसर्चमधलं पहिलं पथ्य. ते वीस जण एकमेकांचंच बघून लिहीत असतील, तर आपल्याकडे वीस पुरावे नसून एकच आहे, आणि तोही कुणाचा ते माहीत नसलेला. पण म्हणून लगेच ‘हे खोटं’ असंही म्हणायचं नाही. तपासायचं.

बारावीचं फिजिक्स काढा. प्रक्षेप्याचा जास्तीत जास्त पल्ला म्हणजे वेगाचा वर्ग भागिले गुरुत्व त्वरण, कोन ४५ अंश. पल्ला १२,००० मीटर हवा तर वेग किती लागेल? १२,००० गुणिले ९.८, त्याचं वर्गमूळ, म्हणजे सेकंदाला साधारण ३४३ मीटर. हा जवळपास ध्वनीचा वेग झाला. काळी दारू भरलेली चांगली तोफ सेकंदाला ४०० ते ५०० मीटर वेग आरामात देते. घ्या! सूत्राने गाइडचं म्हणणं खरं ठरवलं. उलट गाइडने कमीच सांगितलं म्हणायचं.

इथे बरेच जण थांबतात. आकडा आला, जुळला, पुढच्या चॅप्टरकडे. पण त्या सूत्रात एक गोष्ट गृहीत आहे जी पुस्तकाच्या तळटीपेत असते आणि परीक्षेत कुणी विचारत नाही: हवा नाही असं समजा. तर आता हवा घालू.

समजा ११ किलोचा ओतीव लोखंडी गोळा आहे. त्याचा व्यास साधारण १४ सेंटीमीटर येतो. वेग ४५० मीटर प्रतिसेकंद. हवेचा रोध काढायचा तर अर्धा, गुणिले हवेची घनता १.२, गुणिले रोध-गुणांक (ध्वनीपेक्षा जास्त वेगाच्या गोलासाठी ०.९च्या आसपास), गुणिले छेदाचं क्षेत्रफळ, गुणिले वेगाचा वर्ग. उत्तर येतं सुमारे १,७०० न्यूटन. गोळ्याचं वजन १०८ न्यूटन. म्हणजे तोफेतून बाहेर पडल्या क्षणी हवा त्या गोळ्याला त्याच्या वजनाच्या सोळा पट जोराने मागे ढकलते आहे, आणि आपण फक्त गुरुत्व मोजत बसलो होतो. असाच हिशेब पुढे नेला तर पहिल्या किलोमीटरमध्येच गोळ्याचा वेग निम्म्यावर येतो.

मोठ्या गोळ्याला याचा फायदा मिळतो हे खरं आहे. व्यास दुप्पट केला तर वजन आठपट होतं, क्षेत्रफळ मात्र चौपटच, त्यामुळे वजनाच्या मानाने रोध निम्मा होतो. मोठ्या तोफा लांब मारतात त्यामागे हे कारण आहे. पण किती लांब? १९व्या शतकाच्या मध्यावर ब्रिटिश नौदलाची ६८ पौंडी तोफ, म्हणजे गुळगुळीत नळीच्या तोफांचा अगदी शेवटचा, कारखान्यात घडलेला नमुना, १५ अंशांच्या आसपास उचलून तीन-साडेतीन किलोमीटर मारायची. तेव्हा बारा किलोमीटर हा आकडा दुरुस्ती करून वाचवता येईल असा नाही. तो हवेशिवायच्या जगातला आकडा आहे.

ही हवेची गोष्ट पहिल्यांदा नीट मोजली बेंजामिन रॉबिन्स नावाच्या इंग्रज गणितज्ञाने. १७४२ साली त्याचं ‘न्यू प्रिन्सिपल्स ऑफ गनरी’ आलं. त्याने लाकडाचा जड लंबक टांगला, त्यात गोळी मारली आणि लंबक किती हलला त्यावरून गोळीचा वेग काढला. अकरावीच्या पुस्तकातला बॅलिस्टिक पेंडुलम तो हाच. बंदुकीपासून लंबकाचं अंतर बदलत नेल्यावर त्याला दिसलं की वेग भराभर पडतो, तोवरच्या विद्वानांनी धरलं होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त. १७४५ मध्ये खुद्द ऑयलरने त्या पुस्तकाचं जर्मन भाषांतर केलं आणि त्यावर लांबलचक टिपा लिहिल्या. पुढे ईस्ट इंडिया कंपनीने रॉबिन्सला किल्ल्यांच्या बांधकामासाठी भारतात आणलं आणि १७५१ मध्ये तो कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडला वारला. तोफगोळ्याला हवा किती अडवते हे ज्याने जगाला सांगितलं, तो आपल्याच देशाच्या किनाऱ्यावर मेला हे फारसं कुणाला माहीत नसतं.

फिजिक्स झालं, आता नकाशा. जंजिऱ्यावर कंपासचं टोक ठेवून १२ किलोमीटरचं वर्तुळ काढा. मुरूड आत येतं, दिघी आत येते, दक्षिणेला वर्तुळ दिवेआगरच्या दिशेने बरंच खाली उतरतं. बोर्ली बाहेर राहते, सुटलो! आणि वायव्येला तीन-चार किलोमीटरवरचा कासा बेटावरचा पद्मदुर्ग तर अगदी पोटातच येतो. हा पद्मदुर्ग शिवाजी महाराजांनी सिद्दीला शह द्यायला मुद्दाम बांधला. सिद्दीला तो नकोच होता. मग १२ किलोमीटर मारणाऱ्या तोफेच्या तोंडासमोर, चार किलोमीटरच्या आत, भर समुद्रात किल्ला कसा उभा राहिला?

युक्तिवाद छान वाटतो, पण त्याला दोन भोकं आहेत आणि ती व्हायव्हामध्ये कुणीतरी दाखवणारच. एक, कलाल बांगडी त्या वेळी जंजिऱ्यावर होतीच हे आधी दाखवावं लागेल. आज जी तोफ बुरुजावर आहे ती तीनशे साडेतीनशे वर्षांपूर्वी त्याच जागी होती असं आपोआप ठरत नाही. दोन, पोचणं आणि लागणं वेगळं. गुळगुळीत नळीचा गोळा काही किलोमीटरवर पोचला तरी नेमक्या भिंतीवर पडेल याची खात्री काहीच नाही. तेव्हा एकटा पद्मदुर्ग पुरावा म्हणून लंगडा आहे. फिजिक्सच्या हिशेबासोबत ठेवला तर मात्र दोघे मिळून वजनदार होतात. वेगवेगळ्या जातीचे दोन पुरावे एकाच दिशेला बोट दाखवतात तेव्हाच थोडं निवांत व्हायचं.

पण खरं सांगू का, १२ की ३ हा प्रश्न मुळातच दुय्यम आहे. राजपुरीचा किनारा जंजिऱ्यापासून किलोमीटरच्या आतच आहे. वेढा घालणाऱ्यांच्या तोफा त्या किनाऱ्यावर, सिद्दीच्या तोफा समोर बुरुजावर. एवढ्या अंतरावर दोन्हीकडच्या साध्या तोफा एकमेकांपर्यंत पोचत होत्या. शत्रू ७०० मीटरवर असताना १२ किलोमीटरची तोफ म्हणजे खोलीतल्या मारामारीत आठ एक्सचा स्कोप.

मग जंजिरा पडला का नाही? तोफांनी तट फोडता येतो हे धरलं, तरी फुटलेल्या भिंतीपर्यंत माणूस जायला जमीन लागते. जंजिऱ्याचा तट सरळ पाण्यातून वर येतो. खाली पाय ठेवायला जागा नाही, खंदक समुद्राचा, आणि आत गोड्या पाण्याचे तलाव. जमिनीवरच्या किल्ल्याला जी हत्यारं लागू पडतात ती इथे निम्मी निकामी होतात. संभाजी महाराजांनी हे नीट ओळखलं होतं. म्हणून १६८२च्या मोहिमेत त्यांनी तोफांच्या माऱ्याबरोबरच मधली खाडीच दगड-लाकडं टाकून बुजवायला घेतली. शत्रूचं जॅकेट काढून टाकायचा हा प्रयत्न होता म्हणा ना. पण मुघल सरदार हसन अली खान उत्तर कोकणात कल्याणवर उतरला, महाराजांना परतावं लागलं आणि सेतू अर्धा राहिला. जंजिऱ्याच्या बचावात कल्याणकडच्या त्या फौजेचा वाटा कुठल्याही तोफेपेक्षा मोठा दिसतो, पण ती फौज बुरुजावर फोटो काढायला उपलब्ध नाही.

त्याच्या आधी, १६७०-७१च्या सुमारास, जंजिरा अगदी हातात आला होता. कसा? तेव्हाचा किल्लेदार फत्तेखान वेढ्याने टेकीला आला होता आणि मोबदल्यात किल्ला द्यायला तयार झाला होता. त्याच्याच हाताखालच्या सिद्दी सरदारांनी, संबळ, कासम आणि खैर्यत यांनी, त्याला कैद केलं आणि मुघलांकडे मदत मागितली. औरंगजेबाने त्यांना आपल्या आरमारात घेतलं आणि सुरतेच्या उत्पन्नातून पैसा बांधून दिला. म्हणजे किल्ला जवळपास गेला तो वाटाघाटीत, आणि वाचला तो आतल्या उलथापालथीने आणि सुरतेच्या पैशाने. ‘जंजिरा अजिंक्य राहिला’ हे वाक्य आपण तोफेजवळ उभे राहून ऐकतो, त्यामुळे त्याचं श्रेय नकळत तोफेला जातं.

आता या किनाऱ्यावरची मला सगळ्यात आवडणारी लढाई, खांदेरी, १६७९. थळच्या समोरचं हे बेट, मुंबई बंदराच्या तोंडाशी. ऑगस्टच्या अखेरीस, पाऊस चालू असतानाच, मायनाक भंडारीच्या हाताखाली मराठ्यांनी बेटावर माणसं उतरवली आणि तटबंदी सुरू केली. मुंबईच्या इंग्रजांना घाम फुटला. त्यांनी जहाजं पाठवून बेटाची नाकेबंदी केली. त्यात ‘रिव्हेंज’ नावाचं मोठं तोफा बसवलेलं जहाज होतं. मराठ्यांकडे गुराबा आणि गलबतं: हलकी, कमी पाण्यात चालणारी, वारा पडला तर वल्ह्यांवर जाणारी.

टियर लिस्ट लावली तर रिव्हेंज एस टियरला आणि गलबत शेवटून दुसऱ्या ओळीत. तोफेला तोफ मोजली तर बरोबरच आहे ते. पण काम काय होतं ते बघा. मराठ्यांना इंग्रजांची जहाजं बुडवायची नव्हती. त्यांना बेटावर धान्य, दारूगोळा, चुना आणि माणसं पोचवायची होती. रात्री, उथळ पाण्यातून, जिथे मोठं जहाज तळ घासेल या भीतीने येणारच नाही अशा वाटेने. छोट्या होड्या सटकतात आणि आपण त्यांना गाठू शकत नाही, हे रडगाणं इंग्रजांच्या त्या काळच्या पत्रव्यवहारात येतं.

१८ ऑक्टोबर १६७९ला दौलतखानाच्या आरमाराने इंग्रजांच्या ताफ्यावर थेट हल्ला केला. ‘डव्ह’ नावाचं इंग्रजांचं जहाज मराठ्यांनी पकडलं. बाकीची छोटी जहाजं पांगली. पण कॅप्टन केग्विनच्या रिव्हेंजने एकटीने तोंड दिलं आणि मराठी गलबतांना मागे हटावं लागलं. म्हणजे समोरासमोर उघड्या समुद्रात मोठी तोफ भारीच ठरली, यात वाद नाही. माझी शंका वेगळी आहे. रिव्हेंजच्या खात्यावर किल जमले, पण झोन कुठे होता? झोन होता खांदेरीच्या बेटावर, आणि तिथे रोज रात्री चुना पोचत होता. जानेवारी १६८०मध्ये इंग्रजांनी तह करून काढता पाय घेतला. खांदेरी मराठ्यांकडे राहिली. त्याच महिन्यात सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर माणसं उतरवली आणि नवा डाव सुरू झाला, ते वेगळं.

आपल्याकडच्या इतिहासलेखनात खांदेरीला ‘मराठ्यांनी इंग्रजांना पाणी पाजलं’ एवढ्यावर गुंडाळतात आणि १८ ऑक्टोबरला रिव्हेंजसमोर माघार घ्यावी लागली हे हळूच गाळतात. मला ते पटत नाही. ती माघार ठेवली तरच लढाई समजते. नाहीतर ‘गलबत भारी’ असं आणखी एक टियर लिस्ट तयार होतं.

गेममध्ये गोळ्या जमिनीवर पडलेल्या मिळतात. घरात शिरलं, उचलल्या, झालं. इतिहासात प्रत्येक गोळीमागे कुणाचा तरी हिशेब असतो. जानेवारी १६७५मध्ये शिवाजी महाराजांनी प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला एक कडक पत्र लिहिलं. विषय: राजपुरीच्या मोहिमेवर असलेल्या दौलतखान आणि दर्यासारंग यांना ठरलेला पैसा आणि रसद वेळेवर पोचली नाही. आरमाराला उपाशी ठेवणं म्हणजे सिद्दीला मदत करण्यासारखंच आहे, आणि ब्राह्मण म्हणून तुझा मुलाहिजा राखला जाणार नाही, अशा अर्थाची ती तंबी आहे. पद्मदुर्गावरच्या तोफांची वर्णनं शंभर ठिकाणी सापडतील. पण तोफेमागच्या माणसाला जेवण मिळालं की नाही हे सांगणारा कागद हा आहे, आणि संशोधक म्हणून मला तो कलाल बांगडीपेक्षा जड वाटतो.

रसदीची दुसरी बाजू म्हणजे हत्यार देणारा. १६६०मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला तेव्हा राजापूरच्या वखारीतले इंग्रज, हेन्री रेव्हिंग्टन आणि मंडळी, लांब पल्ल्याची तोफ आणि दारूगोळा घेऊन त्याच्या मदतीला गेले आणि स्वतःचं निशाण लावून गडावर मारा केला. पन्हाळा त्या तोफेने पडला नाही, महाराज तर निसटलेच. पुढच्या वर्षी मराठ्यांनी राजापूरची वखार लुटली आणि इंग्रजांना कैद केलं. उसनं आणलेलं हत्यार म्हणजे त्याच्यामागे मालकाचं भांडणही येतं.

आणि ही गोष्ट फक्त १७व्या शतकाची नाही. दिवेआगरहून श्रीवर्धनला समुद्राकडेने जाताना शेखाडी लागतं. फेब्रुवारी १९९३मध्ये तिथे आरडीएक्स आणि एके-५६ रायफली उतरवल्या गेल्या आणि १२ मार्चला मुंबईत २५७ माणसं गेली. त्या खटल्यात पैसे घेऊन डोळेझाक केल्याबद्दल कस्टम आणि पोलीस खात्यातल्या काही जणांना टाडा न्यायालयाने शिक्षा दिल्या. कुठली रायफल किती ताकदीची याच्या याद्या इंटरनेटवर ढिगाने आहेत. ती किनाऱ्यावरून रस्त्यापर्यंत कुणी जाऊ दिली, हे मात्र कोर्टाच्या कागदांतच वाचावं लागतं. या भागातली मुलं गेममध्ये एकेएम उचलतात तेव्हा मला कधीकधी शेखाडी आठवतं. गेम खेळू नये असं मी म्हणत नाहीये, मीही खेळतो.

आता ज्या मुद्द्यासाठी एवढा प्रवास केला तो. जंजिऱ्यावर आज काय शिल्लक आहे? मोठ्या तोफा. का शिल्लक आहेत? कारण त्या जड आहेत. कित्येक टनांचं धूड होडीत घालून कोण नेणार आणि कुठे? किल्ल्यांवरच्या लहान तोफा हलवणं, विकणं, वितळवणं कितीतरी सोपं. गलबतं लाकडाची, ती कुजली, फुटली, सरपणात गेली. बंदुकीची वात, दारूचे बुधले, चुन्याच्या गोणी, वल्ही, धान्य यातलं काहीही बुरुजावर ठेवलेलं नाही. म्हणजे आज आपण जे बघून ‘त्या काळचं भारी हत्यार’ ठरवतो, तो नमुना उपयोगितेने निवडलेला नसून वजनाने निवडलेला आहे. जे सगळ्यात कमी हललं तेच आपल्यापर्यंत पोचलं. खांदेरीचा निकाल मात्र जे सगळ्यात जास्त हललं त्याने लावला होता.

गेममध्येही असंच एक चाळण असतं, फक्त ते उलटं चालतं. एखादी गन सगळेच वापरायला लागले की कंपनी पुढच्या अपडेटमध्ये तिची धार कमी करते. त्यामुळे ‘किती जण वापरतात’ हा आकडा गनची ताकद सांगतो की कंपनीचा शेवटचा निर्णय, हे वेगळं काढता येत नाही. शिवाय त्या यादीत १९३५ची कार९८के आणि या शतकातल्या रायफलवर बेतलेली एम४१६ शेजारी शेजारी बसतात आणि दोघींना जिंकायची संधी मिळते, कारण तशी ती मुद्दाम जुळवलेली आहे. खऱ्या जगाला असं कुणी बॅलन्स करत बसलं नाही. पाऊस पडला तर जामगीची वात विझायची, आणि समोरच्याचीही विझली पाहिजे असा नियम नव्हता.

पावसाचं आलंच आहे तर थोडं. जामगीची बंदूक भरायला वेळ लागतो. तेवढ्यात सराईत तिरंदाज कित्येक बाण सोडतो. सेकंदाला डॅमेज मोजलं तर धनुष्य जिंकतं. तरीही बंदूक पसरली, कारण सराईत तिरंदाज घडायला वर्षं लागतात आणि बंदूकवाला तयार करायला तेवढी लागत नाहीत. ‘हत्यार तयार करायला किती वेळ’ यासोबत ‘माणूस तयार करायला किती वेळ’ हा स्तंभ तुमच्या तक्त्यात आहे का ते बघा. पावसाळ्यात तर सिद्दीचं आरमारही मुंबईत माझगावला आसऱ्याला जाऊन बसायचं आणि इंग्रजांना डोकेदुखी व्हायची. चार महिने जहाज कुठे बांधायचं हा त्यांच्यासाठी तोफेइतकाच मोठा प्रश्न होता.

ज्यांना हात घाण करायचे आहेत त्यांच्यासाठी काम देतो. बोर्लीहून सकाळची गाडी धरली तर एका दिवसात होतं. सोबत मोजपट्टी, वही आणि मोबाइल. कलाल बांगडीच्या नळीचा आतला व्यास मोजा, बाहेरचा व्यास मोजा, तोंडापासून मागपर्यंतची लांबी मोजा. व्यासावरून लोखंडी आणि दगडी अशा दोन्ही गोळ्यांचं वजन काढा. दगडाची घनता लोखंडाच्या साधारण एक-तृतीयांश, त्यामुळे वजनाच्या मानाने हवेचा रोध तिपटीच्या आसपास होतो, आणि हा फरक पल्ल्यात चांगलाच दिसेल. तोफ किती अंश वर उचलता येईल हे बुरुजाच्या जागेवरून आणि मागच्या मोकळ्या जागेवरून ठरवा. मग लहान लहान वेळेच्या टप्प्यांत वेग, उंची आणि अंतर काढणारा साधा तक्ता एक्सेलमध्ये करा. रोध-गुणांक एकच धरू नका. ध्वनीच्या वेगाच्या वर एक आणि खाली एक, निदान दोन तरी घ्या. सुरुवातीचा वेग ३५०, ४०० आणि ४५० असा बदलून बघा. एक उत्तर देऊ नका, पट्टा द्या: इतक्यापासून इतक्यापर्यंत.

मोजताना तुमच्या शेजारी गाइड पर्यटकांना १२ किलोमीटर सांगत असेल. त्याच्याशी वाद घालू नका, त्याने हा आकडा कुणाकडून ऐकला ते विचारा, आणि त्या माणसाने कुणाकडून. आणि राजपुरीहून होडीत बसताना नावाड्याला विचारा की कुठल्या वाऱ्याला, कुठल्या भरतीला दरवाज्याशी होडी लावणं जमत नाही. ते उत्तरही वहीत लिहा, तारीख आणि वेळेसकट.